१३२/८६ आलं म्हणून रात्रभर जागू नकोस, पण ते वहीत लिही

तुझा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्या खेपेला ३१व्या आठवड्यात बीपी चढलं, तातडीचं सिझर झालं, बाळ २६ दिवस काचेच्या पेटीत होतं. आता दुसऱ्यांदा दिवस आहेत, २२वा आठवडा सुरू आहे. सुरुवातीला ११४/७२ असायचं ते पंधरा दिवसांपूर्वी १२८/८४ झालं आणि परवा १३२/८६. डॉक्टर म्हणाल्या लक्ष ठेवू. सासूबाई म्हणतात टेन्शन घेतेस म्हणून वाढतं. आणि तू घरच्या मशीनवर दिवसातून दहा-बारा वेळा मोजून राहिली आहेस. शिवाय दोन गोष्टी विचारल्यास: सातव्यात साकोलीला माहेरी जाऊ का, आणि सासूबाई म्हणतात तसं डोहाळजेवण करू देऊ का, कारण मागच्या वेळी ते झालं आणि आठवडाभरात सगळं बिघडलं.

तुला 'तू' म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. मी डॉक्टर नाही. पण या रस्त्यावरून दोनदा गेले आहे, एकदा अगदी आंधळेपणाने आणि एकदा डोळे उघडे ठेवून.

आधी सासूबाईंच्या बोलण्याचं उत्तर देते, कारण ते तुला जास्त लागलेलं दिसतंय. टेन्शनने त्या क्षणाचा आकडा पाच-दहाने वर जातो, हे खरं. पण मागच्या वेळी जे झालं, ज्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात, ते टेन्शनने होत नाही. त्याचं मूळ वारेत, म्हणजे प्लॅसेंटात असतं. पहिल्या चार-पाच महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही जणींमध्ये त्या पुरत्या रुंद होत नाहीत आणि त्याचा परिणाम कितीतरी आठवड्यांनी आईच्या बीपीवर, किडनीवर, लिव्हरवर दिसतो. तू जिना चढलीस म्हणून नाही, पापड खाल्लास म्हणून नाही, रडलीस म्हणूनही नाही. हे मला कळायला चार वर्षं लागली. तोवर मी माझ्या मुलीची माफी मागत होते.

आता तुझा आकडा. गरोदरपणात १४०/९० किंवा त्याहून जास्त, तेही किमान चार तासांच्या अंतराने दोनदा आलं, की त्याला वाढलेलं बीपी म्हणतात. १६०/११० म्हणजे धोका, तिथे वाट पाहायची नसते. त्या हिशेबाने १३२/८६ हा आजार नाही. पण मी तुला 'काही नाही होत' असंही म्हणणार नाही. मधल्या महिन्यांत बहुतेकींचं बीपी थोडं खाली जातं आणि शेवटी शेवटी पुन्हा मूळ जागी येतं. तुझं मधल्याच महिन्यांत वर सरकतंय, आणि मागचा इतिहास आहे. म्हणून पुढच्या महिन्याच्या तारखेपर्यंत थांबू नकोस. या आठवड्यातच डॉक्टरांना भेट, वही दाखव आणि थेट विचार: लघवीतलं प्रोटीन, प्लेटलेट, लिव्हर-किडनीच्या तपासण्या आता करून ठेवायच्या का? बाळाच्या वाढीची सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तप्रवाह पाहणारी सोनोग्राफी) कधी कधी? दर किती दिवसांनी यायचं? आजचे नॉर्मल रिपोर्टसुद्धा कामाचे असतात, पुढे काही बदललं तर कशाशी ताडून पाहायचं ते हाताशी राहतं.

इकोस्प्रिन, म्हणजे कमी डोसची ॲस्पिरिन, सुरू आहे असं लिहिलंयस. तुझ्या डॉक्टरांनी ते वेळेत दिलं, चांगलं झालं. मागे त्रास झालेल्या बाईला ही गोळी साधारण १२व्या आठवड्यापासून, शक्यतो १६व्याच्या आत सुरू करतात, कारण वारेची ती घडण तेव्हाच चाललेली असते. २०१७ साली आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत उद्भवणारा हा आजार निम्म्याहून जास्त कमी झाला होता. तेव्हा गोळी चुकवू नकोस आणि मनाने बंदही करू नकोस. शेजारची कोणी 'रक्त पातळ होतं वं बाई' म्हणेल. बंद कधी करायची ते डॉक्टर सांगतील, बहुधा ३६व्या आठवड्याच्या आसपास. (इतर कोणी वाचत असेल तर: ही गोळी आपल्या मनाने सुरू करायची नाही. आणि गरोदर राहण्याआधीपासून बीपीची गोळी सुरू असेल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना नाव दाखवा. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, एनालॅप्रिल या जातीच्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा चालतात.)

माझं काय झालं ते सांगते, कारण सगळी गोम त्यात आहे.

२०१५चा मे महिना. नागपूरचा मे तुला सांगायला नको, पारा ४५च्या घरात, घरात कूलरचा घरघराट. ३३वा आठवडा चालू. आठ दिवस आधीच्या तपासणीत १३८/९० आलं होतं, तिथे 'एवढं चालतं' म्हणाले, लघवी तपासली नाही, आणि मीही विचारलं नाही. मग दोन दिवस डोकं दुखत होतं. सगळे म्हणाले ऊन लागलं. मी कैरीचं पन्हं प्यायले, कपाळावर ओला फडका ठेवून पडले. संध्याकाळी उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, सासऱ्यांनी ॲसिडिटीची गोळी आणून दिली. रात्री अकराच्या सुमारास डोळ्यांसमोर वेल्डिंगच्या ठिणग्यांसारखं चमकायला लागलं. तेव्हा मी नवऱ्याला उठवलं. तो म्हणाला, सकाळी जाऊ. मीही म्हटलं, सकाळी जाऊ.

सकाळी १७०/११२ होतं. दवाखान्यात सलाईन लावायला हात घेतला तर डोहाळजेवणात भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, एकही सरकेना. नर्स हळूच म्हणाली, 'ताई, वाढवाव्या लागतील.' सासूबाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी तोंड फिरवलं. तिने माझ्या हाताखाली टॉवेल ठेवला आणि एकेक बांगडी कापसाखाली दाबून वाढवली, मनगटाला एक ओरखडा आला नाही. मग झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमचं इंजेक्शन, त्याने अंगभर आग पसरल्यासारखं होतं. तासाभरात सिझर. मुलगी १ किलो ६०० ग्रॅमची, १९ दिवस पेटीत.

आज ती पाचवीत आहे, पोहायला जाते. पण त्या रात्रीचे आठ तास मला अजून टोचतात. मुंग्या आलेल्या, झोपेतल्या डोक्याने, घरच्यांना त्रास नको म्हणून, आपण 'सकाळी जाऊ' म्हणतो. म्हणून दुसऱ्या खेपेला मी एकच गोष्ट वेगळी केली: कधी निघायचं हे रात्री दोन वाजता ठरवायचं नाही, आधीच ठरवून ठेवायचं.

फ्रिजवर कागद लावला होता, नवऱ्याच्या अक्षरात. १४०/९० आलं तर पंधरा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजायचं, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १६०/११० आलं, वरचा किंवा खालचा कोणताही एक आकडा, तर फोनची वाट न पाहता निघायचं. आणि आकडा काहीही असो, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमक किंवा अंधारी, छातीखाली किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, चेहरा-हात एकाएकी सुजणं, लघवी कमी होणं, रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काही झालं तरी निघायचं. खाली नंबर: डॉक्टरांचा, दवाखान्याच्या लेबर रूमचा, १०८, आणि गाडी असलेल्या शेजाऱ्यांचा. पायांची सूज त्यात नव्हती, ती साधारण सगळ्यांनाच येते. कागद सासूबाईंना वाचून दाखवला. गंमत नाही सांगत, त्यानंतर घरात 'काहून एवढं टेन्शन' हा विषयच संपला. त्यांनाही काय पाहायचं ते कळलं होतं.

दहा-बारा वेळा मोजणं मात्र आजपासून बंद कर. दर वेळी घाबरत मोजतेस, म्हणून आकडा वाढतो, आणि मग तू आणखी घाबरतेस. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बास. त्रास झाला तर तेवढं वेगळं. मोजायच्या अर्धा तास आधी चहा नको. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला, उघड्या दंडावर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे, आवडेल तो नाही. मशीन दंडाचं घे, मनगटाचं नको. आणि पट्ट्याचं माप बघ, यात मी फसले होते. शिंप्याच्या टेपने दंड मोजला तर ३४ सेंटिमीटर, आणि पट्ट्यावर लिहिलेलं २२ ते ३२. लहान पट्ट्यात आकडा खोटाच वाढून येतो. मोठा पट्टा आणला. मग मशीन एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्याशी जुळवून पाहिलं. तुझ्या १३२/८६ मध्येही थोडं पट्ट्याचं असू शकेल, पण ते तपासून ठरव, मानून घेऊ नकोस.

मीठ पूर्ण बंद करायला कोणी सांगितलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नकोस. अळणी जेवून हा आजार टळत नाही, फक्त जेवण जात नाही. दिवसभर पलंगावर पडून राहिल्यानेही टळत नाही. कॅल्शियमची गोळी नेमाने घे, लोहाच्या गोळीसोबत नाही, दोन वेगळ्या वेळी. आणि खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत असशील तर थांबव, त्याने बीपी वाढतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

साकोली. आईचं मन मला कळतं, पण जाऊ नकोस. साकोलीहून नागपूर शंभरेक किलोमीटर आहे. तुझी फाईल, तुझा इतिहास माहीत असलेल्या डॉक्टर, लहान बाळांचं एनआयसीयू, रक्तपेढी, सगळं इकडे. सातव्या महिन्यात डॉक्टर बदलणं मला तर भीतीचंच वाटतं. त्यापेक्षा आईला इकडे बोलव. माझी आई दोन महिने आमच्याकडे राहिली, सासूबाईंशी तिचं कधी जमलं नव्हतं, पण राहिली. तुझ्या दवाखान्यात एनआयसीयू आहे ना, रात्री भूलतज्ज्ञ येतात ना, हे आत्ताच विचार. नसेल तर गरज पडल्यास कुठे पाठवतील ते विचारून ठेव. मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स, नागपूरच्या या सरकारी दवाखान्यांत अशा केसेस रोज येतात. पैशाची अडचण असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे जोखमीच्या बायकांची वेगळी नोंद होते.

माझ्या दुसऱ्या खेपेचं खरं सांगते, गोड करून नाही. २०१९. ३५व्या आठवड्यात १४४/९२ आलं. कागदाप्रमाणे पुन्हा मोजलं, फोन केला, तासाभरात दवाखान्यात होतो. प्रोटीन नव्हतं, रक्त ठीक होतं. लॅबेटॅलॉल सुरू झालं, आठवड्यातून दोनदा तपासणी. ३७ पूर्ण झाल्यावर सिझर केलं, मुलगा २ किलो ७००, पहिल्या रात्रीपासून माझ्याजवळ. म्हणजे आलंच होतं, पण हळू आलं आणि आम्ही जागे होतो. बहुतेकींना पुन्हा होत नाही. पहिल्यांदा जितकं लवकर झालं तितकी पुन्हा होण्याची शक्यता जास्त, आणि तुझं ३१ला होतं, म्हणून तुला इतकं सांगते आहे.

एक विसरू नको. बाळ झालं म्हणजे सुटलो असं नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी पुन्हा चढू शकतं, नेमकं घरी सोडल्यावर, सगळं लक्ष बाळाकडे असताना. मला पाचव्या दिवशी १५२/९८ होतं, आणि डोकं दुखत होतं ते घरच्यांना जागरणाचं वाटलं. मशीन बॅगेतून काढायला सांगितलं म्हणून कळलं. फोनवर गोळी वाढवली, दुसऱ्या दिवशी दाखवून आलो. सव्वा महिना होईपर्यंत फ्रिजवरचा कागद काढू नकोस. पुढे वर्षातून एकदा बीपी मोजून घेत जा, आपल्यासारख्यांना नंतरही ते वाढायची शक्यता जास्त असते.

राहिलं डोहाळजेवण. करू दे. आजार त्याच्या कितीतरी आठवडे आधी आत सुरू झालेला होता, हळदी-कुंकवाने आला नव्हता. दुपारच्या उन्हात नको, संध्याकाळी, घरचीच माणसं, तुला बसायला पाठीची खुर्ची. दमलीस की उठून आत जायचं, कोणी काही म्हणणार नाही. आणि बांगड्या तुझ्या नेहमीच्या मापाच्या भरू नकोस. दोन-चारच्या भरत असशील तर दोन-सहाच्या भर, चारच भर, आणि रोज रात्री एकदा सरकवून बघ.