वाचकांचे प्रश्न : बायोटेक कंपनीतील नोकरी

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. यंदा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झाले असून रबाळे एमआयडीसीतील एका बायोटेक कंपनीने मला क्यूसी विभागात, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणात, नोकरी देऊ केली आहे. मला संशोधन करायचे होते. तिथले रोजचे काम कसे असते? शिक्षण वाया तर जाणार नाही ना?

उत्तर : वाया जाणार नाही. मात्र महाविद्यालयातला प्रयोग आणि कंपनीतले काम यांत फरक आहे, आणि तो रुजू होण्याआधीच समजून घेतलेला बरा.

महाविद्यालयात प्रयोग फसला तर आपण तो पुन्हा करतो. कंपनीत तो का फसला हे आधी लिहून काढावे लागते. मी स्वतः क्यूसीतूनच सुरुवात केली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका सोमवारी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तेव्हा शुक्रवारी गुलाबी सोडलेले माध्यम, म्हणजे पेशी वाढवण्याचा पोषक द्रव, पिवळे आणि गढूळ झालेले दिसले. जिवाणू शिरले होते आणि तीन आठवड्यांची मेहनत ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, टाकून द्यावी लागली. माझ्या वरिष्ठ बाई रागावल्या नाहीत, त्यांनी डेव्हिएशनचा, म्हणजे ठरल्यापेक्षा वेगळे काय घडले ते नोंदवण्याचा, फॉर्म पुढे ठेवला. आठवडाभर नोंदी चाळल्यावर इन्क्युबेटरमधील पाण्याचा ट्रे ठरलेल्या दिवशी बदललेला नव्हता, हे उघड झाले. तो बदलण्याची पाळी माझी होती आणि तसे मी लिहून दिले.

ही शिस्त कशासाठी, याचे उत्तर आपल्या परळमध्येच आहे. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी 1897 मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. 1902 मध्ये तेव्हाच्या अखंड पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पद गमवावे लागले. बाटली प्रयोगशाळेत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरायला 1907 उजाडले. बॅचच्या कागदावर सही करताना मला आजही ती एक बाटली आठवते.

म्हणून चुकलेला आकडा व्हाइटनरने झाकायचा नाही. त्यावर एकच रेघ मारून, खालचे वाचता येईल अशा बेताने, शेजारी सही आणि तारीख घालायची. निर्जंतुकतेच्या चाचणीला 14 दिवस लागतात आणि वरून कितीही घाई आली तरी ते तेराव्या दिवशी संपत नाहीत. पेशींनाही सुट्टी नसते : ॲंटिबॉडी औषधांसाठी वापरल्या जाणाऱ्या सीएचओ पेशी (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून मिळवलेल्या) 37 अंश सेल्सिअसवर साधारण दिवसभरात दुप्पट होतात, त्यामुळे गणपतीतही कोणाला तरी पाळीवर यावेच लागते.

संशोधनाची ओढ असल्यास क्यूसीतून पुढे चाचणीच्या पद्धती विकसित करणाऱ्या गटात जाता येते, आणि मोजमापाचा सराव असलेली व्यक्ती त्या गटाला हवीच असते. पीएच.डी.ची इच्छा पक्की असेल, तर मात्र ती फार लांबवू नका, कारण पगाराची सवय लागल्यावर विद्यावेतनावर परतणे जड जाते.

होकार कळवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या : प्रशिक्षण किती महिन्यांचे आहे, विभाग बदलण्याची मुभा कधी मिळते आणि रात्रपाळी संपल्यावर ठाणे स्टेशनपर्यंत कंपनीची गाडी मिळते का.