मी कासवाच्या बाजूची

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ सालच्या जुन्या गेममधल्या शत्रूंबद्दल काय विचारायचं असेल ते विचारा. चार-दोन पत्रं येतील असं वाटलं होतं. पण एवढी मोठी, शहाणीसुरती माणसं अजून कासवांवर दात खाऊन आहेत, याची मला कल्पना नव्हती.

उत्तरं देण्याआधी माझा अधिकार काय, ते सांगते. घरात पहिला रिमोट दादाचा, दुसरा माझा. या गेममध्ये दोघांना एकत्र खेळता येत नाही. मारिओ मेला की लुइजीची पाळी. म्हणजे दादा मरेपर्यंत मी हातात रिमोट धरून नुसती बसलेली. दादाचं लक्ष मारिओवर, माझं समोरून येणाऱ्यांवर. कोण कुठे वळतं, कोण किती वेळ थांबतं, हे मला त्याच्या आधी पाठ झालं, कारण माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. गेम सुरू झाला की पहिल्याच त्या तपकिरी मशरूमसारख्या प्राण्याला धडकून मरते आणि रडते. सुरुवातीलाच शत्रू कशाला ठेवला असेल? — एक आई

तिला मरू द्या. तीनदा मरेल, चौथ्यांदा उडी मारेल. तो प्राणी त्याचसाठी तिथे उभा केलाय.

त्याचं नाव गूम्बा. जपानीत कुरिबो, म्हणजे आपला चेस्टनटवरून ठेवलेला. गंमत अशी, की गेममध्ये सगळ्यात आधी भेटणारा हा गडी बनवला गेला सगळ्यात शेवटी. आधी पहिला शत्रू म्हणून कासवच होतं. पण कासवावर उडी मारली की कवच उरतं, मग त्या कवचाचं काय करायचं ते समजायला हवं. नवख्याला हे दोन धडे एकदम जड जात होते. म्हणून एका उडीत चपटा होणारा, साधासरळ कोणीतरी हवा होता. तोवर कॅसेटमधली जागा संपत आली होती. अख्खा गेम ४० किलोबाइटचा, आज फोनवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. मग गूम्बाचं एकच चित्र काढलं आणि तेच आलटून पालटून उलटं-सुलटं दाखवलं. तो चालतोय असं आपल्याला वाटतं, तो बिचारा आरशात बघितल्यासारखा नुसता डावा-उजवा होत असतो. मुलीला म्हणावं, पायांकडे नीट बघ. रडणं थांबेल.

आणि पुढची गोष्ट मला फार आवडते. गूम्बाला चुकवल्यावर लगेच प्रश्नचिन्हाचा ठोकळा येतो, त्यातून खरं मशरूम निघतं. दिसायला दोघं भाऊ-भाऊच. आत्ताच एकाने मारलंय म्हटल्यावर कोणीही दुसऱ्यापासून पळणारच. पण मशरूम उजवीकडे जातं, पाइपला आपटतं आणि उलटं तुमच्याच अंगावर येतं. उडी मारून चुकवायला जाल तर डोक्यावर विटांची रांग, तिला डोकं आपटून परत खाली. मशरूम तुम्हाला गाठतंच आणि मारिओ मोठा होतो. हा गेम रचणारे शिगेरू मियामोतो यांनीच पुढे एका मुलाखतीत ही जागा अशी का मांडली, ते सांगितलंय. तुमच्या मुलीला ते वाचायची गरज नाही, तिला अंगावर आलं की कळेल.

ताई, हिरवं कासव आणि लाल कासव यात रंगाशिवाय फरक काय? आणि मी मारलेलं कवच मलाच का लागतं? — बारावीचा अभ्यास सोडून खेळणारा

अभ्यासाचं तू आणि तुझी आई बघून घ्या.

हिरवं कासव कड्यावरून सरळ चालत खाली पडतं. लाल कड्यापर्यंत येतं आणि मागे वळतं. एवढाच फरक, पण त्यावरून कुठे उभं राहायचं ते ठरतं. वर हिरवं असेल तर खाली उभा राहू नकोस, ते डोक्यात पडेल. लाल असेल तर खुशाल थांब. ते त्याच्या फळीवर आजन्म येरझारा घालणार आहे.

कवचाचं म्हणशील, तर ते कोणाचंच नसतं. एकदा लाथाडलं की समोर येईल त्याला उडवत जातं आणि पाइप किंवा ठोकळा लागला की तितक्याच वेगाने परत येतं. सगळे कवच सुटल्यावर त्याच्या मागे पळतात. मीही पळायचे. जाताना ते ५००, ८००, १०००, २००० असे गुण देत जातं आणि पुरेसे शत्रू आडवे झाले की वर एक जास्तीची लाइफ देतं. बघायला इतकं गोड, की ते वळलंय हे कळेपर्यंत आपण आउट. लाथ मारलीस की आधी पुढे पाइप आहे का ते बघ, गुण नंतर मोज.

तिसऱ्या जगाच्या पहिल्या राउंडचं तुला कोणीतरी सांगेलच, त्याआधी मी सांगते. शेवटच्या पायऱ्यांवरून दोन कासवं उतरत येतात. त्यातलं एक पायरीला टेकवून त्याच्या कवचावर नेमकं उडत राहिलं, की ते पायरीला आपटून परत पायाखाली येतं आणि थोड्या वेळाने प्रत्येक उडीला एक लाइफ मिळू लागते. दादाला हे जमलं तो दिवस मला आठवतो. टीव्हीतून तो टुणटुण आवाज थांबेचना. लाइफच्या आकड्याच्या जागी मुकुटासारखं चिन्ह दिसू लागलं. मी रिमोट खाली ठेवला, कारण आता माझी पाळी या जन्मी येत नव्हती. मग पुढच्या राउंडला तो एका साध्या गूम्बाला धडकला आणि पडद्यावर ‘गेम ओव्हर’. लाइफचा हिशेब गेममध्ये एवढ्याशा जागेत ठेवलाय, की आकडा १२७ च्या आसपास गेला की तो पलटून उणे धरला जातो. मेलास की उणे लाइफवाला बाद. दादाने आठवडाभर कॅसेटला दोष दिला. मी गूम्बाला मनातल्या मनात नमस्कार केला.

पाइपमधलं ते चावरं झाड कधी बाहेर येतं, कधी येत नाही. काही नियम आहे का? — पाइपासमोर ताटकळलेला

आहे. तुम्ही पाइपला चिकटून किंवा पाइपवर उभे असाल तर ते वर येत नाही. लांब उभं राहून वाट बघाल तेवढं ते वरखाली करत राहील. लाजाळू आहे, जवळ जा.

हातोडे फेकणारे दोघे भाऊ. बस, एवढाच माझा प्रश्न. — चाळिशीतला, हरलेला

तुमचं पत्र वाचून मला भरून आलं.

या गेममधल्या बाकी सगळ्यांना सवय आहे. सवय कळली की शत्रू संपला. हॅमर ब्रदर्सना मात्र सवय म्हणावी अशी नाहीच. हातोडा कधी सुटेल, एक सुटेल की तीन, ते वर उडी मारतील की खाली, याचा नेम नाही. इतक्या वर्षांनंतरही माझं मत असं, की हे दोघे थोडे अन्यायाचेच आहेत, आणि हे मी शत्रूंच्या बाजूने बसून बालपण काढलेली बाई म्हणतेय.

तरी सांगते. ते बहुतेकदा विटांच्या दोन रांगांवर उड्या मारत असतात. ज्या विटेवर तो उभा आहे तीच खालून डोक्याने ठोका, तो वरच्या वर उडतो. हे जमलं नाही तर दुसरा मार्ग: खालचा उडी मारून वर जाईल त्या क्षणी खालून धावत सुटा. थांबून विचार करायचा नाही. हातोडे कमानीसारखे वर जाऊन खाली येतात, त्यामुळे त्याच्या अगदी जवळची जागा लांबच्यापेक्षा बरी असते. दादा नेहमी चार पावलं मागे सरकायचा आणि नेमका तिथेच हातोडा उतरायचा. मी हे त्याला कधीच सांगितलं नाही.

आठव्या जगातल्या तिसऱ्या राउंडला हेच भाऊ जोडीजोडीने येत राहतात. त्यासाठी माझ्याकडे उपाय नाही, फक्त सहानुभूती आहे.

आठ जगं, आठ किल्ले आणि प्रत्येक किल्ल्यात शेवटी तोच राक्षस. नवीन काही सुचलं नाही का या मंडळींना? — निवृत्त शिक्षक

सर, तो तोच नाही. तुम्ही पहिल्या सात वेळा तोतयाला हरवलंय.

आपण सगळे बाउझरला एकाच तऱ्हेने हरवतो. तो उडी मारतो, आपण खालून निसटतो, पलीकडची कुऱ्हाड पकडतो, पूल कोसळतो आणि तो लाव्ह्यात पडतो. यात त्याचं खरं रूप कधी दिसतच नाही. पण आगीच्या गोळ्यांची शक्ती शाबूत ठेवून तिथवर पोचलात आणि पाच गोळे मारलेत (एका वेळी पडद्यावर दोनच गोळे राहतात, घाई करून उपयोग नाही), तर त्याचं सोंग गळून पडतं. पहिल्या किल्ल्यात खाली पडतो तो साधा गूम्बा. दुसऱ्यात हिरवं कासव, तिसऱ्यात काळं बझी बीटल, चौथ्यात काटेवाला स्पायनी, पाचव्यात ढगावरून काटे टाकणारा लाकिटू, सहाव्यात पाण्यातला ब्लूपर, सातव्यात, चाळिशीतल्या वाचकांनी कान बंद करावेत, हॅमर ब्रदर. खरा बाउझर फक्त आठव्यात.

शस्त्रांतही फरक आहे, तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगते. पहिल्या पाच किल्ल्यांत तो नुसती आग ओकतो. सहाव्या-सातव्यात हातोडे फेकतो. आठव्यात दोन्ही. त्याची आग तर तो दिसायच्या कितीतरी आधीच बोळातून सरसरत येते. त्या आवाजाने मला अजून धस्स होतं.

त्याच्या रूपाचीही एक हकिगत आहे. मियामोतोंच्या डोक्यात आधी बैल होता. सहकारी ताकाशी तेझुका यांना ते चित्र कासवासारखं वाटलं, आणि गेममध्ये आधीच एवढी कासवं होती, मग तोच त्यांचा राजा झाला. म्हणजे एका परीने मी लहानपणी ज्यांच्या बाजूने होते, त्यांचं हे सरकारच.

माझा मारिओ छोटा असूनही आगीचे गोळे फेकत होता. मित्र म्हणतात मी थापा मारतो. — खरं बोलणारा

तुम्ही खरं बोलताय आणि तुम्ही बाउझरला घासून कुऱ्हाड पकडली होती. बरोबर?

मोठा मारिओ बाउझरला लागला की गेम आधी आपल्या वहीत ‘हा छोटा’ असं लिहितो आणि मग त्याला आकसताना दाखवतो. त्याच क्षणी कुऱ्हाड हातात आली तर आकसणं अर्धवट राहतं. पुढच्या राउंडला मारिओ दिसायला मोठा, वहीत छोटा. मग मशरूम खाल्लं की वहीत तो मोठा होतो आणि अंगाने उलटा छोटा. त्यावर फूल मिळालं की छोट्या अंगाला मोठ्याची आग. मित्रांना दाखवायचं असेल तर एक खूण सांगते: गोळा टाकताना तो क्षणभर मोठा दिसतो. थाप मारणाऱ्याला हे माहीत नसतं.

तुमच्या दादांनी गेम शेवटी संपवला का? — उगाच विचारतोय

संपवला. आठवा किल्ला म्हणजे चक्रव्यूह आहे, चुकीच्या पाइपात शिरलं की पुन्हा मागे. त्यात तो किती दिवस फिरला याची मोजदाद नाही. शेवटी खरा बाउझर, खरी राजकन्या, आभाराच्या दोन ओळी. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत बसलो. मला वाटलं आता रिमोट मला मिळेल. पण आभारानंतर गेम आणखी एक कठीण फेरी देऊ करतो, आणि दादाने ती लगेच सुरू केली.

तोच पहिला राउंड, तेच ढग, तोच पाइप. समोरून येणारा मात्र गूम्बा नव्हता. या फेरीत सगळ्या गूम्बांच्या जागी बझी बीटल असतात, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. दादाने सवयीने त्याच्यावर उडी मारली, तो मेला असं समजून पुढे चालत गेला आणि त्याचा पाय कवचाला लागला. कवच सुटलं. मी पाइप बघितला होता.

मी रिमोट उचलला.