जुन्या लेथचा बोल्ट ७.८५ मिमी भरतो. एम ८ (८ मिमीचा मेट्रिक) की ५/१६ इंची?

व्यासावरून ठरणार नाही. एम ८ बोल्ट बाहेरून ७.७६ ते ७.९७ मिमी भरतो, ५/१६ इंची (७.९४ मिमी) त्यातच येतो. पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर, मोजा. तारेच्या ब्रशने आटे साफ करून व्हर्नियरने शेंड्यापासून शेंड्यापर्यंत दहा आटे घ्या. पहिला शेंडा शून्य धरायचा, बहुतेक चुका इथेच होतात. १२.५ मिमी आलं तर एम ८; १४.१ आलं तर इंचाला १८ आटे. मग पिच गेज (आटे जुळवून बघायच्या दातेरी पानांचा संच) आट्यांवर ठेवून उजेडासमोर धरा: ५५ अंशांचं पान फटीशिवाय बसलं तर व्हिटवर्थ (जुना ब्रिटिश इंची आटा), ६० चं बसलं तर यूएनसी (अमेरिकन इंची आटा). नट दोन-तीन आट्यांवर अडकला तर पान्याने रेटू नका, दोन्हीचे आटे जातील. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बोल्ट घ्यायला जाताना जुना नट सोबत न्या आणि हातानेच फिरवून बघा.