दोन कुत्री घेऊन कॅम्पर व्हॅनमध्ये कायमचं डोंगरात राहायला जमेल का?

तुम्ही विचारलंय की दोघांचंही काम लॅपटॉपवर आहे, सोलापूरचं घर भाड्याने देऊन कॅम्परमध्येच राहायचं, हिमाचल-उत्तराखंडात फिरायचं, सोबत दोन कुत्री, त्यातला लॅब (लॅब्रडॉर) नऊ वर्षांचा, तर कुत्र्यांना हे झेपेल का. झेपतं. आम्ही सोलापुरातल्या जुळे सोलापूर भागातले, मी आणि मिस्टर, राणी (कारवानी जातीची कुत्री, तेव्हा पाच वर्षांची) आणि गुंड्या (होटगी रोडला सापडलेला गावठी), असे चौघंजण सव्वा वर्ष गाडीत राहिलोय, त्यातलं बहुतेक हिमाचलात. म्हणून मोठं उत्तर लिहितेय, पण मुद्दा एकच आहे की गाडी कुत्र्यांच्या हिशोबाने चालवायची, आपल्या हिशोबाने नाही. गाडी किती फुटी, सोलर किती वॅटचं हे सगळं नंतर.

थंडीचं काय करणार असं आम्हाला जो तो विचारायचा. पण आमच्या कुत्र्यांना पहिला त्रास झाला तो उन्हाचा, आणि तोही डोंगर दिसायच्या आधी. आपल्या सोलापुरातून जाणारा 52 नंबरचा हायवे अंकोल्यापासून थेट पंजाबात संगरूरपर्यंत जातो, म्हणजे बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत एकच रस्ता धरून चाललं की पुढे चंदीगड जवळच. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी निघालो तरी राजस्थानात दुपारी गाडीत बसवत नव्हतं. उन्हात उभ्या बंद गाडीत अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा वीसेक डिग्री जास्त होतं, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं, त्यामुळे पाच मिनिटात येतो म्हणून कुत्रं गाडीत ठेवून हॉटेलात जेवायला जाणं हे कधीच करू नका, काच चार बोटं खाली असली तरी नाही. आम्ही पहाटे पाचला निघायचो, साडेदहाला एखादं झाड बघून थांबायचो, मग संध्याकाळी दोन तास. सहा दिवस लागले. मे महिन्यात तर सोलापुरातून निघायचंच नाही.

गाडीचं थोडक्यात सांगते. सेकंडहँड ट्रॅव्हलर (मिनीबस) घेतली आणि आतून काम करून घेतलं. ज्याने करून दिलं तो म्हणाला पासिंगचं काही टेन्शन नाही, आणि आमची गाडी कागदांपायी दोन महिने अडकली. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ रचनेपेक्षा बदल करण्याबद्दलच आहे आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्यावर कडक निकाल दिलाय, त्यामुळे पत्रा कापायच्या आधी स्वतः आरटीओत जाऊन लेखी काय लागतं ते विचारून या.

आता चढाईचं. इथे आमची चूक झाली ती सांगते, कारण अजून मला त्याचं वाईट वाटतं. हिमाचलातलं रामपूर साधारण हजार मीटरवर आहे, तिथून सराहन, मग कल्पा (2,960 मीटर), इथपर्यंत आम्ही आरामात आठ-आठ दिवस राहत आलो होतो. कल्प्याहून मात्र एका दिवसात नाकोला गेलो, म्हणजे सुमारे 3,660 मीटर. उंचीवरची विरळ हवा बाधते, म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हे माणसांसाठी आम्हाला माहीत होतं, कुत्र्यांना पण तेच लागू आहे हे डोक्यात आलं नाही. रात्री राणीने अंडं-भात हुंगून तोंड फिरवलं, राणी अंड्याला कधी नाही म्हणत नाही. मग लाळ गळायला लागली, दोनदा उलटी झाली, आणि पाय टाकताना मागचा भाग हेलकावे खायला लागला. हिरड्या बघितल्या तर नेहमीसारख्या गुलाबी नव्हत्या, फिकट होत्या. मिस्टरांनी रात्रीच गाडी काढायची म्हणलं पण त्या रस्त्याला अंधारात उतरणं म्हणजे चौघांचा जीव टांगणीला, म्हणून पहाटे उजेड फुटेपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पूहच्या बाजूला हजारेक मीटर खाली उतरलो आणि दुपारी तिने पाणी पिऊन शेपटी हलवली. औषध शोधत बसायचं नाही, खाली उतरायचं, हेच औषध. पुढच्या वेळी आम्ही पूहला चार दिवस, मग ताबोला (3,280) आठवडाभर, असं करत स्पितीतल्या काझाला गेलो, काही त्रास नाही. ताबोचा गोम्पा (बौद्ध मठ) 996 सालचा आहे, मातीच्या भिंती, आम्ही आळीपाळीने आत गेलो आणि दुसरा बाहेर कुत्र्यांजवळ. हे तुम्हाला रोज करावं लागणार हे पण लक्षात घ्या, दोघांनी मिळून बघायच्या जागा फार कमी होतात.

थंडीचं म्हणाल तर कारवानीच्या अंगावर केसच नाहीत म्हणलं तरी चालेल, चरबी नाही, तिला कोट लागतोच. आम्ही निघताना सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टेलरकडून सोलापुरी चादरीचे कोट शिवून घेतले होते. गाडीच्या आत झोपायला ते एक नंबर, पण चादर सुती, बर्फात नाहीतर दवात ओली झाली की उलट जास्त गारठा लागतो, त्यामुळे बाहेरसाठी लोकरीचा किंवा फ्लीसचाच घ्या. आणि ओलावा! दोन माणसं दोन कुत्री रात्रभर श्वास सोडतात, सकाळी काचेवरून पाण्याचे ओघळ, गादीखाली बुरशी. थंडी कितीही असो छतावरच्या खिडकीचं झाकण दोन बोटं उघडं ठेवायचं. सिगडी किंवा चालू गॅस शेगडी ठेवून झोपायचं नाही, त्यातला कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू कळत पण नाही. आम्ही धूर बाहेर सोडणारा डिझेल हीटर बसवला आणि त्या वायूचा अलार्म लावला, तो खर्च आधी करा, टीव्ही-फ्रिज नंतर. लिथियम बॅटरी गोठणबिंदूच्या खाली चार्ज करता येत नाही, म्हणून ती पण आतच.

जळवांचं कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. तीर्थन खोऱ्यात असताना गुंड्या ओढ्याचं पाणी प्यायचा, आठवड्याभराने सारखा शिंकायला लागला आणि एकाच नाकपुडीतून रक्त. मला वाटलं आत काहीतरी लागलंय. आम्ही ज्यांच्या सफरचंदाच्या बागेत गाडी लावली होती ते आजोबा आले, म्हणाले "इसको दो-तीन घंटा पानी मत दो". मग त्यांनी पितळेच्या वाटीत ओढ्याचं गार पाणी घेतलं आणि गुंड्याच्या नाकाखाली नुसतं धरलं. थोड्या वेळाने नाकपुडीच्या तोंडाशी काळपट, ओलं, धाग्यासारखं काहीतरी आलं, पाण्याकडे लांब झालं, आत गेलं, परत आलं. आजोबांनी बोटांना चुलीतली राख लावली होती, चौथ्यांदा आलं तेव्हा चिमटीत पकडून हळूच ओढलं. बोटाएवढी जळू! त्यानंतर आमची कुत्री फक्त टाकीतलं पाणी पितात. कुत्र्याला किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली पाणी लागतं, तुमच्या तीस किलोच्या लॅबला दीड-दोन लिटर धरा आणि टाकी त्या हिशोबाने घ्या.

दुसरी भीती बिबट्याची, आणि ती खरी आहे. डोंगरातले मेंढपाळ त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळे असलेला लोखंडी पट्टा घालतात तो उगाच नाही, बिबट्या मान पकडतो. अंधार पडला की आमची कुत्री आत, रात्री शू करायला सुद्धा पट्टा आणि टॉर्च. काझासारख्या गावात मोकाट कुत्र्यांचे कळप आहेत, तिथे आम्ही दुपारी उन्हातच फिरवायचो, आणि आपल्या कुत्र्याला पण मोकळं सोडू नका. कारवानी म्हणजे शिकारी जात, समोर कोल्हा नाहीतर भरल (तिकडची रानमेंढी) पळाला की ती हाकेला थांबत नाही, आणि त्या उंचीवर त्या जनावरांना आधीच मोकाट कुत्र्यांचा केवढा ताप आहे. नॅशनल पार्कमध्ये कुत्रं नेता येत नाही, तेव्हा एकाने बाहेर थांबायचं.

खाण्याचं आपल्याला सोपं आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी आम्ही पोतंभर नेली होती, महिनाभर काही होत नाही, रस्ता बंद पडून दीड दिवस गाडीत अडकलो तेव्हा तीच खाल्ली. काझाच्या उंचीवर पाणी 88 डिग्रीच्या आसपासच उकळतं, भात-डाळ शिजतच नाही, कुकर पाहिजेच. कुत्र्यांना अंडं-भात, चिकन मिळालं तर चिकन, लहान गावात पॅकेटचं खाणं मिळेलच असं नाही. आपल्याकडचे लोक प्रवासात बेदाणे घेऊनच निघतात, पण बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक, कांदा पण चालत नाही, तेवढा डबा वर कुलपात. रेबीजचं इंजेक्शन, नाइन-इन-वन (अनेक रोगांची एकत्र लस), गोचिडाची गोळी हे सगळं तारखेसह एका वहीत लिहून ठेवा, तिकडे नवीन व्हेट भेटला की तो पहिलं तेच विचारतो.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्ट दरड कोसळायचे दिवस, 2023 ला हिमाचलात काय झालं ते बघितलंच असेल. तेव्हा आम्ही एका जागी महिनाभर हललो नाही. तसं पण एका ठिकाणी पंधरा दिवस थांबलं की डिझेल वाचतं, नेटची रेंज कळलेली असते, आणि कुत्र्यांना आपली आपली जागा सापडते, गुंड्या तर तिसऱ्या दिवशी ठरलेल्या दगडावर जाऊन बसायचा.

लॅबचं मात्र घर भाड्याने द्यायच्या आधी बघा. नऊ वर्षांचा म्हणजे हृदय, रक्त आणि मागच्या पायांचा एक्सरे करून घ्या, गाडीची पायरी उंच असते, उड्या मारायला लावू नका, पाय न घसरणारी फळी लावून चढायची सवय आत्तापासून करा. डिसेंबरात दहा दिवस भंडारदरा नाहीतर महाबळेश्वरकडे गाडी भाड्याने घेऊन राहून या. आमची गाडी सध्या दारातच उभी आहे, पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कुठे जात नाही, त्याला घेऊन एखाद्या रविवारी या, मेसेज करा म्हणजे पत्ता देते. फळी लावून ठेवते, आत चढून झोपतो का बघू.