पियानोटेक की गॅरिटन सीएफएक्स: रियाजासाठी काय घ्यावे?

८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो, ८ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडीचा विंडोज लॅपटॉप आणि हेडफोन लावून रोजचा पाश्चात्त्य शास्त्रीय रियाज, एवढी माहिती देऊन संगणकावर पियानोचा आवाज देणाऱ्या पियानोटेक आणि गॅरिटन सीएफएक्स या दोन सॉफ्टवेअरांपैकी काय घ्यावे असे तुम्ही विचारले आहे. माझे मत पियानोटेकच्या बाजूने आहे, जरी केवळ ऐकण्यापुरते विचाराल तर मला गॅरिटनचा आवाज अधिक आवडतो.

गॅरिटनचे सीएफएक्स म्हणजे लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला यामाहाचा कॉन्सर्ट ग्रँड. अशा नमुनाधारित, म्हणजे खऱ्या पियानोची मुद्रणे (नमुने) वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्वर हलक्यापासून जोरकस आघातापर्यंत अनेक पातळ्यांवर मुद्रित करावा लागतो; ८८ पट्ट्या आणि १६ पातळ्या धरल्या तरी १,४०८ मुद्रणे होतात, त्यात पेडल दाबलेले नमुने व निरनिराळ्या मायक्रोफोनांच्या जागा आल्या की पसारा वाढतच जातो. म्हणूनच त्याची संपूर्ण आवृत्ती १०० जीबीहून अधिक जागा घेते. तिची छोटी आवृत्तीही आहे, पण तुमची डिस्क पाहता तीही जडच वाटेल.

पियानोटेक हे फ्रान्समधील तुलूझच्या मोडार्ट कंपनीचे उत्पादन २००६ पासून उपलब्ध आहे. त्यात मुद्रित नमुने नसतात. हातोडी, तार आणि ध्वनिफलक यांचे वर्तन गणिती प्रारूपाने त्या क्षणी मोजून आवाज घडवला जातो. त्यामुळे डिस्कवर भार जवळजवळ पडत नाही, आघाताच्या पातळ्यांमध्ये सांधे जाणवत नाहीत, अर्धे पेडल (पेडल अर्धवट दाबून स्वर थोडाच लांबवणे) आणि तारांचा परस्पर अनुनाद हाताला नैसर्गिक वाटतो. मधल्या सप्तकात काहींना तो आवाज किंचित कोरडा वाटतो, आणि ती तक्रार अगदीच निराधार नाही; परंतु रियाजात बोटांना मिळणारे उत्तर मला रंगापेक्षा महत्त्वाचे वाटते.

मी स्वतः सुरुवातीला केवळ प्रात्यक्षिकाच्या ध्वनिफिती ऐकून डिस्कवर भली मोठी जागा घेणारा एक सॉफ्टवेअर पियानो विकत घेतला आणि कित्येक महिने त्याला ‘बोथट’ म्हणत राहिलो. दोष आघाताच्या वक्राचा, म्हणजे पट्टी किती जोराने दाबली की किती मोठा आवाज यावा हे ठरवणाऱ्या आखणीचा होता. माझ्या कीबोर्डच्या पट्ट्या जड असल्याने मोठ्या जोरानेही, कीबोर्ड आघाताचा जोर ज्या १२७ पर्यंतच्या आकड्यांत कळवतो त्यांतल्या वरच्या आकड्यांपर्यंत हात पोहोचतच नव्हता. तेव्हा कोणतेही सॉफ्टवेअर नापसंत करण्यापूर्वी हा वक्र आपल्या हाताप्रमाणे जुळवावा. त्याचबरोबर एएसआयओ (विंडोजवर आवाजाचा विलंब कमी करणारा) ड्रायव्हर वापरून बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्यापूर्वी साठवला जाणारा तुकडा, १२८ ध्वनिबिंदूंवर (सॅम्पल्सवर) ठेवून पाहावा, ४४.१ किलोहर्ट्झला तो ३ मिलिसेकंदांहून कमी भरतो, तर ५१२ ला सुमारे १२, आणि जलद पॅसेजमध्ये हा फरक बोटांना कळतो. पेडल साधे चालू-बंद प्रकारचे असेल, तर अर्ध्या पेडलची सोय दोन्हीकडे व्यर्थ आहे.

पैसे तूर्त खर्चायचे नसतील, तर यामाहा सी५ या ग्रँड पियानोवरून तयार झालेला मोफत नमुनाधारित सॅलॅमँडर ग्रँड वाईट नाही. त्यात १६ पातळ्या आहेत. मात्र दर तिसराच स्वर प्रत्यक्ष मुद्रित असून मधले त्यावरून ताणून घेतलेले आहेत.

पियानोटेक घेतल्यास सर्वांत स्वस्त ‘स्टेज’ आवृत्ती तुम्हांला पुरेल, कारण वरच्या आवृत्त्यांचे पैसे मुख्यतः आवाजाची बारीक घडण बदलण्यासाठी मोजावे लागतात. आधी चाचणी आवृत्ती उतरवून सध्या बसवत असलेली रचना तिच्यावर वाजवा. तिच्यात काही पट्ट्या मुद्दाम मुक्या ठेवलेल्या असतात व २० मिनिटांनी आवाज थांबतो, तेव्हा एखादा स्वर गायब झाला तर यूएसबीची केबल तपासत बसू नका.