ऑर्गॅनिक सोडू का, आई?

न्यू जर्सीतल्या एका आईंनी लिहिलंय: मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, प्री-मेड, म्हणजे पुढे मेडिकलला जायची तयारी. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दोन मिडटर्ममध्ये (सत्रामधल्या परीक्षांत) शंभरपैकी ४१ आणि ३८. रात्री रडत फोन आला, "ड्रॉप करू का?" बाबा म्हणाले, "आपल्याकडे कुणी असं अर्ध्यावर सोडत नाही."

ताई, आधी त्या शब्दाकडे बघू. आपण महाराष्ट्रात शिकलो. तिथे 'ड्रॉप घेतला' म्हणजे अख्खं वर्ष गेलं, नातेवाइकांत चर्चा. अमेरिकेत ती एकच विषय सोडते आहे, बाकीचे चालूच राहतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सोडला तर बहुतेक कॉलेजांत ट्रान्स्क्रिप्टवर खूणही राहत नाही. नंतर ठरलेल्या तारखेपर्यंत सोडला तर 'डब्ल्यू' (विथड्रॉ, विषय सोडल्याची खूण) लागतो. तो जीपीएमध्ये, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत, पण फी सहसा परत मिळत नाही.

आता सिलॅबस उघडून हिशोब करा. समजा, तीन मिडटर्म प्रत्येकी २० टक्के, फायनल ४०. तिच्या खात्यात आत्ता ८.२ अधिक ७.६, म्हणजे १५.८. सी मिळवायला ७० लागत असतील, तर उरलेल्या ६० पैकी ५४.२ हवेत, म्हणजे नव्वद टक्के. आजवर चाळीसच्या आसपास असलेल्या मुलीला हे झेपेल का, ते तीच सांगेल. मात्र एक गोष्ट प्रोफेसरांना विचारायलाच हवी: वर्गाची सरासरी किती होती आणि कर्व्ह असतो का, म्हणजे वर्गाच्या कामगिरीवरून ग्रेड ठरतात का? सरासरीच ४५ असेल, तर ४१ ला रडण्यासारखं काही नाही.

माझ्या मुलाला फिजिक्सच्या वेळी आम्ही दोघांनी "दम धर" म्हटलं. त्यानं धरला, डी आला. पुढे तोच विषय पुन्हा घेऊन त्यानं ए मिळवला, तरी मेडिकल कॉलेजच्या (एमडीच्या) अर्जात दोन्ही ग्रेड मोजले गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सोडायच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. उरलेले क्रेडिट १२ च्या, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या मर्यादेच्या, खाली जात नाहीत ना? शिष्यवृत्ती आणि फायनान्शियल एड त्यावर अडतं. एच-४ वरची (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेली) मुलं एकविसाव्या वर्षी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, गेलेली असतील, तर इंटरनॅशनल ऑफिसची परवानगी आधी, ड्रॉप नंतर. उलट झालं तर व्हिसाच धोक्यात येतो. दुसरं, ऑर्गॅनिकचा पहिला भाग स्प्रिंगमध्ये किंवा उन्हाळ्यात पुन्हा मिळतो का?

हे सगळं ॲडव्हायजरशी तिनंच बोलायचं. कॉलेजात गेल्यावर मुलांच्या नोंदींचा हक्क कायद्यानं त्यांच्याकडेच जातो. तुम्ही फोन केलात तरी बहुधा कुणी काही सांगणार नाही. विषय सोडायची शेवटची तारीख मात्र तिला आजच विचारा. आदल्या रात्री ती ठरवत बसेल, तेव्हा बाबांनाही फोनवर घ्या, आणि ती जे ठरवेल त्याला त्यांनीच आधी हो म्हणू दे.