लेकरू गावोगाव जातंय, जाऊ द्या. नोकरी मात्र दुसरीकडे

पत्र : मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. गाव अंबाजोगाई तालुक्यात. मुलगा 25 वर्षांचा. बारावीनंतर 2 वर्षं नीटसाठी लातूरला ठेवला, तिथं रूमवर दारू लागली. पुढं बीएस्सी दुसऱ्या वर्षात सुटलं. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. आता 11 महिने झाले, पीत नाही. पण दर रविवारी केंद्राच्या लोकांबरोबर वाड्या-तांड्यांवर जातो आणि ‘मी दारुडा होतो’ म्हणून चारचौघांत सांगतो. केंद्रवाले म्हणतात, इथंच काम कर, राहणं-जेवण आणि वर 7,000 देऊ. हेच माझं करिअर, असं त्याचं म्हणणं. माझा चुलतभाऊ त्याला आपल्या कृषी सेवा केंद्रात हिशोबाला ठेवायला तयार आहे. मी माळकरी माणूस. घरची लाज वेशीवर टांगून पोट भरतं का? उद्या सोयरीक कोण करेल?

गुरुजी, नमस्कार.

आधी लाजेचं बोलू, कारण तुमचं सगळं पत्र तिच्याभोवतीच फिरतंय. तुम्ही माळ कधी घातली ते लिहिलं नाही, पण घातली तेव्हा लोकांसमोर घातली असणार. पंढरीला नाहीतर सप्ताहात, कुणा महाराजांच्या हातून. दाराला कडी लावून कुणी माळ घालत नाही. उद्या पाय घसरायला लागला तर गावानं विचारावं, ‘अहो, माळ आहे ना गळ्यात?’ त्यासाठीच ती दिसायला हवी असते. मराठवाड्यात कितीतरी घरांतली दारू त्या माळेनं सुटली आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमचं लेकरू तांड्यावर उभं राहून ‘मी पीत होतो’ म्हणतं, ते हेच. त्याच्या गळ्यात काही दिसत नाही, म्हणून त्याला तोंडानं सांगावं लागतं.

यात तो दुसऱ्यांवर उपकार करतोय असंही समजू नका. 1935 साली बिल विल्सन नावाचा अमेरिकन शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अॅक्रन नावाच्या शहरात गेला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. काम फिसकटलं, परक्या गावात एकटा, आणि हॉटेलातल्या बारमधून लोकांचे आवाज ऐकू येताहेत. तो बारमध्ये गेला नाही. फोनपाशी गेला आणि बोलायला गावातला एखादा दारुडा मिळतो का ते शोधत बसला. मिळाला तो डॉक्टर बॉब स्मिथ, तिथला सर्जन. दोघांच्या त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. तुमच्या घरात ‘मिटिंग’ हा शब्द मुलाच्या तोंडी येत असेल तर तो तिथून आलाय. त्याआधीचे महिने विल्सन न्यूयॉर्कमध्ये दारुड्यांच्या मागे धावत होता आणि एकाचीही सुटली नव्हती. तो निराश झाला तेव्हा बायकोनं त्याला दाखवून दिलं, की तू स्वतः तर प्यायला नाहीस ना! त्यामुळं रविवारी किती जणांनी सोडली हे मुलाला विचारू नका. तो रात्री घरी कसा आला ते बघा.

म्हणून रविवार बंद करू नका. नोकरीचं मात्र मी तुमच्या बाजूनं बोलणार आहे, आणि त्यालाही विल्सनचाच दाखला देतो. न्यूयॉर्कच्या ज्या हॉस्पिटलात त्याची दारू सुटली, त्याच्या मालकानं त्याला पुढं तिथंच कामाला बोलावलं. बसायला ऑफिस आणि नफ्यात वाटा देऊ केला. घर तेव्हा बायकोच्या पगारावर चाललेलं. गडी खुशीत मित्रमंडळींना सांगायला गेला, तर त्यांनी साफ नको म्हटलं, आणि त्यानं ऐकलं. आजही त्या संघटनेत एका व्यसनी माणसानं दुसऱ्याला हात द्यायचा तो फुकट, असाच दंडक आहे.

केंद्र हे आज तुमच्या मुलाचं माहेर आहे. प्यावंसं वाटलं, कुणी टोमणा मारला, झोप लागेना, की तिथं जाऊन तो मन मोकळं करतो. तिथंच पगार सुरू झाला की माहेराचं सासर होतं. महिन्याच्या एक तारखेला ज्याच्यापुढं सही करायची, त्याच्यापुढं ‘काल रात्री फार आठवण आली’ हे कोण कबूल करेल?

मी स्वतः इथं एकदा चुकलोय. काही वर्षांपूर्वी एका मुलाला, सोडून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, एका केंद्रात कामाला लाग असा सल्ला मीच दिला. आवड आहे, अनुभव आहे, आणखी काय पाहिजे, असं वाटलं होतं. त्याला रात्रपाळी लागली. आठवड्याची सुट्टी नाही, आणि आरडाओरडा करणाऱ्या नव्या पेशंटला धरून बसायचं. सातव्या महिन्यात तो घसरला आणि लाजेनं त्या केंद्राची पायरी पुन्हा चढला नाही. तिथला पगार गेला आणि आधारही गेला.

याचा अर्थ कधीच नको असा नाही. पुण्याचं मुक्तांगण 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं. तिथले अनेक कार्यकर्ते एकेकाळी तिथंच उपचार घेतलेले आहेत. पण त्यांच्या पाठीशी काळ आहे, शिक्षण आहे, देखरेख आहे. मुलाची किमान 2 वर्षं कोरडी जाऊ द्या, हातात पदवी येऊ द्या. त्यानंतरही नोकरी घेताना नेमणूकपत्र, कामाचे तास आणि सुट्टी लेखी मागायची. राहणं-जेवण आणि 7,000 हा आकडा मला सेवेचा कमी आणि स्वस्तात माणूस मिळाल्याचा जास्त वाटतो.

तोवर चुलतभावाचं दुकान चांगलं आहे. फक्त हिशोबालाच ठेवा, वसुलीला धाडू नका. वसुलीला गेलं की धाब्यावर बसणं आलंच. पगार त्याच्याच खात्यात जाऊ द्या. तुम्ही तो काढून घेतलात तर पंचविशीतल्या माणसाला पुन्हा शाळकरी केल्यासारखं होईल.

रविवारच्या कामात मी दोन बदल सुचवीन. दर वेळी माइक नको. आपलीच गोष्ट पन्नासदा सांगितली की ती खरीच पण घोटलेली होते, आणि टाळ्यांची चटक वाईट. त्याला सप्ताहात पंगत वाढू द्या, पत्रावळ्या उचलू द्या, केंद्रात नव्यानं आलेल्याच्या बायकोला बसस्टँडवरून आणू द्या. वर्गणीचं पावतीपुस्तक मात्र अजून वर्षभर त्याच्या हाती नको. अविश्वास म्हणून नव्हे. रोख पैसा खिशात असणं ही या आजारात जोखीम असते, हे तोच तुम्हाला सांगेल.

आणि एक गोष्ट त्यानं पक्की शिकलीच पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ अशी शपथ घालून घरी बसवायचं नाही. एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, प्रसंगी जीव जातो. असा माणूस आधी डॉक्टरकडे. तुमच्या उशालाच अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तांड्यावर जाताना व्यसनमुक्तीचा सरकारी क्रमांक 14446 आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हे दोन्ही चिठ्ठीवर लिहून न्यावेत. भाषण विसरलं जातं, चिठ्ठी घरातल्या बाईच्या डब्यात राहते.

शिक्षणाचं वेळापत्रक तुमच्या भागात आपोआप बसतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीचे कोयते, म्हणजे मजूर जोडपी, साखर कारखान्यांकडे निघाली की वाड्या-तांडे निम्मे ओस पडतात. ते महिने अभ्यासाचे. टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात, पुढं मुकादमाची उचल, म्हणजे पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम, हातात पडते, तेव्हा त्याच्यासारख्याची गावात खरी गरज. आधी पदवी पुरी करायची. नियमित कॉलेज जमत नसेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मग कुठल्याही शाखेच्या पदवीवर 2 वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करता येतं. त्यात क्षेत्रकार्य सक्तीचं असतं, म्हणजे वस्तीत जाऊन, नोंदी ठेवून, कुणाच्या तरी नजरेखाली काम. आज तो मनानं करतोय तेच तिथं पद्धतीनं शिकेल. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, एकदा दोघं जाऊन चौकशी करून या. देवीचं दर्शनही होईल. एमएसडब्ल्यूवर सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद असतं. त्याच्या जागा थोड्या निघतात, हे आत्ताच सांगून ठेवतो. समुपदेशकाची कामं जास्त मिळतात, पण बहुतेक कंत्राटी.

सोयरीक : लपवून केलेली मोडते आणि त्यात एका मुलीचे हाल होतात. वर्षभर थांबा, मग सांगून करा.

पुढच्या रविवारी तो कुठल्या वाडीवर चाललाय ते विचारा आणि त्याच्याबरोबर जा. पुढच्या खुर्चीत बसू नका, तुम्हाला पाहून त्याची जीभ अडखळेल. पारावर मागं, म्हाताऱ्यांत बसा. त्यानंतर दोघं माझ्याकडं या, येताना बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला घेऊन या. त्यातले किती विषय पुढच्या पदवीला धरले जातात त्यावर त्याचं एक वर्ष वाचेल की जाईल ते ठरेल.